स्वदेशी आणि शिरस्त्राण

छत्रपति संभाजीनगर शहराच्या दक्षिण अंगास असलेलें गारखेडा हें एके काळीं शहराबाहेरचें साधें खेडें होतें. आज तेथें विभागीय क्रीडासंकुल आहे, वसाहतींची दाटी आहे, आणि सूतगिरणी चौक या नांवाचा एक गजबजलेला चौक आहे. चात्यांचा आवाज आतां तेथें ऐकूं येत नाहीं; सूत उरलें आहे तें नांवापुरतें. ऐकूं येतो तो दुचाकींच्या भोंग्यांचा आवाज. शहराच्या पश्चिमेस वाळूज आणि पूर्वेस चिकलठाणा येथें कारखाने आहेत, आणि पाळी गांठण्यासाठीं निघालेल्या कामगारापासून शिकवणीस जाणाऱ्या मुलीपर्यंत बहुतेकांचें वाहन एकच, तें म्हणजे दुचाकी. ज्याच्यापाशीं दुचाकी आहे त्याला डोक्यावर हेल्मेट घालणें कायद्यानें भाग आहे. आणि तें विकत घेतांना त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहतो तो या शहराला व या प्रांताला मुळींच नवीन नाहीं. देशांत झालेला माल चार पैसे अधिक देऊन घ्यावा, कीं बाहेरून आलेला स्वस्त माल घ्यावा?

औरंगाबादची जुनी कीर्ति कापडावर उभी होती. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली, आणि पुढें औरंगजेबाच्या सुभेदारींत तिचें औरंगाबाद झालें. दरबारी लोकांना सोन्यारुप्याच्या तारांचा किनखाब हवा असे. परंतु किनखाब कांहीं सर्वांच्या खिशाला परवडणारा नव्हता. तेव्हां येथील विणकरांनीं सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून, दिसावयास तसेंच पण किमतीनें पुष्कळ उतरतें असें कापड काढलें. त्याचें नांव हिमरू. फारसींतील ‘हम-रू’, म्हणजे चेहऱ्यानें सारखें, या शब्दापासून तें नांव निघालें असें सांगतात. ज्या हिमरूचा आज शहराला अभिमान वाटतो तें जन्मतःच महाग मालाचा स्वस्त पर्याय होतें, ही गोष्ट स्वदेशीच्या गप्पा रंगल्या म्हणजे सहसा कोणी काढीत नाहीं. आतां तर हिमरूचीच नक्कल यंत्रमागावर निघते, आणि वेरूळ-अजिंठ्याकडे जाणारा प्रवासी तीच खरी समजून विकत घेतो. हातमागावर खरें हिमरू विणणारीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत.

‘देशी’ म्हणजे कोठलें, हा प्रश्नहि या शहरांत सरळ नव्हता. १९४८ पर्यंत औरंगाबाद निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याचें नाणें निराळें, टपाल निराळें, आणि जकातहि निराळी. १८०२ च्या व्यापारी तहानें इंग्रजांच्या मुलुखांतून येणाऱ्या मालावर शेंकडा पांच जकात ठरली होती. म्हणजे मँचेस्टरचें धोतर आणि मुंबईच्या गिरणीचें धोतर हीं दोन्हीं औरंगाबादच्या जकातनाक्यावर सारखींच परकीं! १८८९ मध्यें शहरांत सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली, आणि १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलुखांत जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. त्या रेल्वेनें येथील कापूस बाहेर नेला आणि बाहेरचा तयार माल आंत आणला. दोन्ही कामें एकाच रुळांवरून झालीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता संपली, कालांतरानें जकातीची भिंतहि गेली, आणि मुंबईचा माल औरंगाबादेंत पहिल्यानेंच खऱ्या अर्थानें स्वदेशी झाला.

भिंतीपलीकडच्या महाराष्ट्रांत स्वदेशीचा विचार याहून कितीतरी आधीं सुरू झाला होता. १८४८ पासून लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचीं पत्रें ‘प्रभाकरा’ंत प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि त्यांत आपल्या देशांत होईल तेंच कापड, मग तें जाडेंभरडें कां असेना, वापरावें असा उपदेश आढळतो. पुढें पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनीं १८७२ मध्यें खादीचें व्रत घेतलें, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास जरतारी पोशाखांच्या मेळाव्यांत ते त्याच खादींत गेले. वंगभंगानंतर, १९०५ च्या ऑक्टोबरांत, पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. पैसा फंडानें घरोघरच्या एकेका पैशांतून तळेगांवास कांच कारखाना उभारला. आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाची लॉरी अडवितांना बाबू गेनू हा गिरणीकामगार तिच्या चाकाखालीं गेला. या सर्व गोष्टी शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक आहेत.

कमी सांगितली जाते ती दुसरी बाजू, म्हणजे किमतीची. स्वदेशीचा पुकारा झाला कीं देशी कापडाची मागणी वाढे, मागणी वाढली कीं भाव वाढे, आणि तो वाढीव भाव भरावयाचा कोणी, तर ज्याच्या अंगावर वर्षाला एकच धोतरजोडी चढे त्यानें. रवींद्रनाथ ठाकुर आरंभीं वंगभंगाच्या चळवळींत होते, तरी १९१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘घरे-बाइरे’ या कादंबरींत त्यांनीं पंचू नांवाच्या गरीब फेरीवाल्याचें विलायती कापड देशभक्तांच्या हातून जळतांना दाखविलें आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०७ मध्यें लखनौच्या व्याख्यानांत स्वदेशी निराळी आणि बहिष्कार निराळा असा भेद केला. बहिष्कार या शब्दांत दुसऱ्याचें नुकसान करण्याचा हेतु आहे, स्वदेशींत आपलें भलें करण्याचा, असें त्यांचें म्हणणें. त्यापूर्वीं न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९० मध्यें पुण्यास औद्योगिक परिषद भरवून, नुसत्या ग्राहकाच्या त्यागावर धंदे उभे राहत नाहींत, त्यांना भांडवल, शिक्षण आणि राज्यकर्त्यांचें पाठबळ लागतें, ही बाजू मांडली. रानड्यांचें हें बोलणें व्यासपीठावर टाळ्या घेणारें नव्हतें; पण पुढील शंभर वर्षांचा इतिहास त्यांच्याच वाटेनें गेला.

याचें उत्तम उदाहरण बेळगांवचें. १८८८ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बंधु रामूअण्णांसह तेथें सायकलींचें दुकान काढलें. सायकली अर्थातच परदेशी. दुसऱ्या मिळतच नव्हत्या. त्या दुकानांतून पुढें कडबा कापण्याचें यंत्र निघालें आणि मग लोखंडी नांगर. विलायती नांगर बाजारांत होतेच. पण खरी अडचण त्यांची नव्हती, अडचण होती ती लोखंडानें जमीन विषारी होते या शेतकऱ्याच्या समजुतीची. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. १९१० मध्यें औंधच्या अधिपतींनीं माळरानाची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी वसली. हा नांगर कोणी केवळ देशाभिमानानें विकत घेतला नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत तो चालतांना पाहिला, मग घेतला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचें स्वरूप पालटलें. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननें १९४८ पासून परदेशी दुचाक्या व तीनचाक्या आणून विकल्या. १९५९ मध्यें त्याच मंडळींना देशांत स्कूटर बनविण्याचा परवाना मिळाला, आणि बजाज ऑटो हें नांव रूढ झालें. इटलीच्या पियाजिओ कंपनीशीं केलेला करार १९७१ मध्यें संपल्यावर १९७२ मध्यें ‘चेतक’ बाजारांत आली. त्या काळीं तयार परदेशी स्कूटर आणण्यास मुभा नव्हती, आणि देशी कारखान्याला परवान्यांतील आंकड्यापेक्षां जास्त गाड्या काढण्यास मुभा नव्हती. परिणाम असा कीं ग्राहकानें पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी. मुलीच्या लग्नांत द्यावयाची स्कूटर ती शाळेंत असतांनाच नोंदविली पाहिजे असा विनोद त्या पिढीनें केला, आणि तो निव्वळ विनोदहि नव्हता. स्वदेशी घ्यावी कीं न घ्यावी हा प्रश्नच उरला नव्हता. मिळाली तर घ्यावी, एवढेंच हातीं होतें. सार्वजनिक काकांच्या खादींत स्वेच्छेचा जो अंश होता तो या रांगेंत नव्हता, हें मान्य केलेंच पाहिजे.

वाळूज येथें बजाजच्या नव्या कारखान्याची पायाभरणी १९८४ च्या जानेवारींत झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजीं राष्ट्रपति ग्यानी झैलसिंग यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. औरंगाबाद शहर खऱ्या अर्थानें दुचाकींचें शहर झालें तें तेव्हांपासून. मोठ्या कारखान्याभोंवतीं सुटे भाग करणारे लहान कारखाने निघाले. त्यांपैकीं १९८५ मध्यें सुरू झालेला एन्ड्युरन्स आणि १९९० मधला व्हॅरॉक हे दोन उद्योग पुढें परदेशांत जाऊन तेथील कारखाने विकत घेण्याइतके मोठे झाले. म्हणजे ज्या गांवीं ‘बाहेरचा माल’ हा शब्द मुंबईच्या धोतराला लावीत, त्या गांवचे सुटे भाग युरोपांतील गाड्यांत जाऊं लागले. गारखेड्यासारख्या वस्त्या भरल्या त्या बऱ्याच अंशीं याच कामगार-कारकुनांच्या घरांनीं.

गाडी आली, परंतु डोक्यावरच्या टोपाचा विचार मागें पडला होता. तसा तो सर्वत्रच मागें पडलेला होता. अरबस्तानांतील पराक्रमामुळें गाजलेला कर्नल टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांत आपल्या मोटारसायकलीवरून पडला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्या डोक्यावर कांहीं नव्हतें. त्याच्या शेवटच्या दिवसांत ज्या डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला त्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ती केस त्यांच्या मनांतून गेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याचे निरोपे काळोख्या रात्रीं मोटारसायकलींवरून धांवत आणि मरत. केर्न्स यांनीं अशा अपघातांची नोंद ठेवली, आणि १९४१ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें निबंध लिहिला. टोप घातलेले जखमी त्यांना केवळ ७ आढळले होते, आणि त्यांपैकीं एकहि दगावला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें निरोप्यांना टोप सक्तीचा केला. सामान्य नागरिकाला ती सक्ति लागू होण्यास मात्र तेथेंहि १ जून १९७३ उजाडावा लागला.

भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें दुचाकीस्वाराला शिरस्त्राण आवश्यक ठरविलें. पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यांतून सूट आहे. कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. नवी गाडी विकतांना तिच्याबरोबर प्रमाणित हेल्मेट द्यावें असाहि नियम आहे. पण नियम आणि नेम या दोन निराळ्या गोष्टी होत. दंड चुकवावा एवढ्याच हेतूनें घेतलेला टोप हा पोलिसासाठीं असतो, डोक्यासाठीं नसतो. आणि पोलिसासाठीं असलेल्या टोपाला रस्त्याच्या कडेचा दोनअडीचशें रुपयांचा माल पुरतो.

या दोन टोपांत फरक काय, हें डोळ्यांना दिसत नाहीं. वरचें कवच सारखेंच चकचकीत असतें. खरें काम करतो तो आंतला थर. साध्या भाषेंत त्याला थर्माकोल म्हणतात, परंतु पेटीबरोबर येणाऱ्या थर्माकोलपेक्षां तो पुष्कळ दाट असतो. कॅलिफोर्नियांतील सी. एफ. लोम्बार्ड या संशोधकानें १९५० च्या दशकाच्या आरंभीं ही कल्पना मांडली: टोपानें धक्का परतवून लावावयाचा नाहीं, तर स्वतः चेंगरून तो गिळावयाचा. डोकें थांबावयास लागणारा वेळ त्यामुळें सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांनीं वाढतो, आणि तेवढ्या अवधीवर मेंदूचें बरेंवाईट ठरतें. एकदां चेंगरलेला थर पुन्हां फुगत नाहीं; म्हणून जोराचा मार बसलेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावयाचें असतें. कडेच्या मालांत या थराच्या जागीं बहुधा पातळ स्पंज असतो. हनुवटीखालचा पट्टाहि असा कीं पडतांना टोप आधीं निघून जावा. भरीला त्यावर आयएसआयचा शिक्का मारलेला असतो, आणि तोहि खोटा!

परकी मालाची दारें मोठ्या प्रमाणावर उघडलीं तीं १ एप्रिल २००१ रोजीं. जागतिक व्यापार संघटनेपुढील वादांत १९९९ मध्यें भारताविरुद्ध निर्णय झाला होता. त्यानुसार उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीचे निर्बंध त्या दिवशीं उठले. मग दुचाकीस्वाराच्या वेषाचा एक नवाच बाजार उभा राहिला. गुडघ्याचीं कवचें, खांद्याला ढाल लावलेलीं जाकिटें, हातमोजे, बूट, आणि अर्थातच हेल्मेट. कांहीं माल युरोपचा, उंची आणि महाग; पुष्कळसा चीनचा, दिसावयास तितकाच उंची आणि किमतीनें स्वस्त. देशी कारखानदाराला आतां दोन्ही बाजूंनीं ताण बसूं लागला. वरून परकी स्वस्त माल, आणि खालून रस्त्याच्या कडेचा, देशांतच झालेला, नकली माल. या दुसऱ्या शत्रूविषयीं स्वदेशीच्या सभांतून कधीं कोणी बोललें नाहीं, कारण तो स्वदेशीच होता.

यावर सरकारनें जो उपाय योजला त्याचा इतिहास जरा मौजेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीनें, जींत दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेचे डॉक्टरहि होते, मार्च २०१८ मध्यें या देशाच्या हवेला मानवतील अशीं हलकीं हेल्मेटें असावींत अशी शिफारस केली. वजनाची कमाल मर्यादा १.२ किलो ठरली. मराठवाड्यांत वैशाखाचें ऊन पारा चाळिशीपार नेतें. त्या उन्हांत डोक्यावर दीड किलोचें भांडें घालून ज्यानें दूध डेअरी चौकांतील सिग्नलला थांबून पाहिलें असेल त्याला डॉक्टरांचें म्हणणें पटेल. पण परदेशांत नांवाजलेलीं पुष्कळ हेल्मेटें या मर्यादेहून जड होतीं, आणि एका झटक्यांत तीं बाजाराबाहेर गेलीं. तेव्हां ही आरोग्याची काळजी आहे कीं आडवाटेनें घातलेली आयातबंदी, असा वाद झाला. दोन्ही पक्षांत तथ्य होतें. पुढें वजनाची अट काढून टाकण्यांत आली. २६ नोव्हेंबर २०२० च्या हुकुमानें दुचाकीस्वारांसाठीं विकलें जाणारें प्रत्येक हेल्मेट भारतीय मानक ४१५१ प्रमाणें तपासलेलें आणि आयएसआय चिन्हांकित असलें पाहिजे असें ठरलें, आणि १ जून २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. योगायोगानें तारीख इंग्लंडच्या सक्तीचीच, वर्षें मात्र ४८ उशिरा.

या हुकुमाचें वैशिष्ट्य असें कीं त्यांत ‘देशी’ हा शब्द नाहीं. परकी कारखानदारानेंहि भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घेऊन, आपला माल तपासून घेऊन, येथें विकावा. त्याला मनाई नाहीं. ज्यानें परवाना घेतला नाहीं त्याचा टोप युरोपच्या कसोटीस उतरलेला असला तरी येथें विकतां येत नाहीं, आणि हौसेनें तो परदेशांतून आणणारा स्वार चांगलें डोकें झांकूनहि कायद्याच्या दृष्टीनें उघडाच राहतो. ही विसंगति अजून कोणीं नीट सोडविलेली नाहीं. जाकीट आणि हातमोजे तर या हुकुमांत येतच नाहींत; तेथें ग्राहक आणि त्याची समजूत एवढाच कायदा.

ज्याला आपण देशी टोप म्हणतों तो तरी कितपत देशी? किर्लोस्करांनीं सायकलींचें दुकान काढलें त्याच बेळगांवांत आज व्हेगा या नांवाचीं हेल्मेटें होतात, आणि संभाजीनगरच्या दुकानांतून तीं सर्रास मिळतात. हरियाणांत व दिल्लीकडे याहून मोठे कारखाने आहेत, व त्यांचा माल परदेशींहि जातो. परंतु समोरच्या पारदर्शक पडद्याला लागणारें पॉलिकार्बोनेट दीर्घकाळ बाहेरूनच आणावें लागलें. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. १९०५ मध्यें ज्या गिरण्यांचें धोतर नेसून लोकांनीं विलायती कापड जाळलें त्या गिरण्यांतील यंत्रें लँकेशायरचींच होतीं.

फरक आहे तो दुसराच. जाडेंभरडें देशी धोतर नेसून कोणाचा जीव गेला नाहीं, आणि झुळझुळीत विलायती धोतरानें कोणाचा वांचला नाहीं. नफानुकसान काय तें पैशाचें आणि मानाचें. टोपाची गोष्ट तशी नाहीं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत हेल्मेट न घालतां दुचाकीवर मृत्यु पावलेले लोक ५०,०२९ होते. त्यांपैकीं १४,३३७ मागें बसलेले. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे कीं हेल्मेटामुळें मृत्यूचा धोका सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा सुमारें ६९ टक्क्यांनीं कमी होतो. नकली टोप घालून जे गेले त्यांचा हिशेब कोणत्याहि कोष्टकांत निराळा मांडलेला नसतो. ते टोप घातलेल्यांतच मोजले जातात.

खऱ्या हेल्मेटावर आयएसआयच्या चिन्हासह मानकाचा क्रमांक ४१५१ असतो आणि खालीं ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढें कारखान्याचा परवाना क्रमांक. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर घातला म्हणजे कारखान्याचें नांव, गांव आणि परवाना चालू आहे कीं नाहीं हें मोबाईलवर दिसतें. गारखेड्याच्या चौकांत उभें राहूनहि हें काम दोन मिनिटांत होतें. दुकानदार थोडा वेळ घुश्श्यांत पाहतो, एवढेंच.